दुर्बीण कुणी घासली

चिठ्ठी: पितळी दुर्बीण, सरकत्या नळ्यांची. बहुधा जहाजावरची. काच मूळची. राप शाबूत.

ही चिठ्ठी दुर्बिणीच्या गळ्यात अजून लटकत होती. चिठ्ठीखाली दुर्बीण मात्र न्हाणीघरातल्या नव्याकोऱ्या नळासारखी लखलखत होती.

खुर्चीबाई नुकत्याच जेवून दुकानात परतल्या होत्या. त्यांनी दुर्बीण पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली, आणि 'बसू नये' अशी पाटी लावलेल्या खुर्चीत मटकन बसल्या. प्रकरण साधं नाही हे गल्लीला तिथेच कळलं. त्या खुर्चीला बाईंनी स्वतःच्या नवऱ्यालाही कधी टेकू दिलं नव्हतं.

धातूची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या हवेत राहते, माणसांच्या हातांत फिरते, आणि तिच्यावर हळूहळू एक गडद, मऊ थर चढतो. जुन्या वस्तूंच्या या गल्लीत त्याला राप म्हणतात. बाहेरच्यांना तो मळ वाटतो, धंद्यातल्यांना वस्तूचा जीव. राप घाईने चढवता येत नाही आणि एकदा गेला की गेला. म्हणून इथे चोरी झाली तर लोक शिव्या देतात, पण एखादी वस्तू घासली गेली तर गप्प बसतात.

खुर्चीबाई गप्प बसल्या. मग बोलायला लागल्या, त्या दिवे लागेपर्यंत थांबल्या नाहीत.

*

दुर्बिणीनंतर टिकटिकच्या दुकानातल्या उभ्या घड्याळाचा लंबक.

लंबकानंतर तराजूची पारडी.

पारड्यांनंतर काशाचा घोडा.

*

घोडा दादांचा होता.

गल्लीत माणसाला त्याच्या मालावरून हाक मारायची जुनी खोड. खुर्च्या-टेबलं विकणारी ती खुर्चीबाई, घड्याळवाला तो टिकटिक. दादा आणि वहिनी एवढेच त्यातून सुटले होते, कारण दादा सगळ्यांत वडील आणि शिवाय गल्लीची नजर. कुणाकडे नवा माल आला की तो आधी दादांच्या टेबलावर. ते वस्तू उलटी करत, बुडाशी अंगठा फिरवत, आणि खरी की बनावट ते सांगत. ते म्हणतील ती पूर्व दिशा. त्यांच्या एका मान हलवण्यावर माणसं माल घेत किंवा परत पाठवत.

काशाचा घोडा त्यांनी कधीच विकायला ठेवला नव्हता. काळपट-हिरवा, एक कान तुटलेला. तो दुकानाच्या मागच्या फळीवर चकचकीत होऊन उभा राहिलेला दिसला तेव्हा दादा त्याच्यापुढे उभे राहून मुलासारखे रडले. वहिनींनी त्यांना हाताला धरून वर घरी नेलं. दुकान खाली, घर वर, मध्ये लाकडी जिना आणि एक दार.

घोडा घासला गेल्यावर गल्लीतला उरलासुरला विचार संपला. दादांच्या घोड्याला हात लावणारा माणूस नव्हे, राक्षस. आणि राक्षस कोण, हे आता उघडच होतं.

*

राक्षसाचं दुकान गल्लीच्या पार टोकाला होतं. तो नवा होता. त्याच्याकडे विजेवर फिरणारं एक चाक होतं, त्यावर तो लोकांचे नळ, कड्या, दाराच्या मुठी घासून झगझगीत करून द्यायचा. येऊन आठवडा व्हायच्या आत त्याचं नाव लखलख पडलं होतं. वर त्याला कुलपं दुरुस्त करता येत. गल्लीतली निम्मी कुलपं त्यानेच दुरुस्त केली होती. मग किल्ली काढून ठेवायला किती वेळ लागतो?

असं खुर्चीबाई म्हणाल्या. टिकटिकने मान डोलावली. टिकटिकची मान तशीही लंबकासारखी कुणाच्याही बोलण्यावर हलायची.

दुपारी जेवायच्या वेळी गल्लीत कुणी दुकान बंद करत नाही. दारात एक खुर्ची आडवी ठेवायची की झालं. आणि एकाने बाहेर बसून सगळ्यांच्या खुर्च्यांवर लक्ष ठेवायचं. पूर्वी या बसण्याची पाळी लावलेली असायची, अलीकडे दादाच बसत. त्यांना विचारलं, तर दुपारी कुणीही परकं आलेलं नाही, असं ते ठामपणे म्हणाले. दादांचा शब्द. म्हणजे दुपार निकालात निघाली. उरली रात्र, आणि रात्र म्हणजे किल्ली, आणि किल्ली म्हणजे लखलख.

लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. त्याच्या दारापुढे कुणीतरी कचऱ्याची बादली रिकामी केली. एका दुपारी तो वहिनींकडे आला आणि पायरीवर उभ्या उभ्याच बोलला. चेहरा रडवा, पण बोलणं तिरकस.

"वहिनी, मी नळ घासतो. मला दुर्बीण घासायची असती तर आधी भाव सांगितला असता. फुकट काम मी बायकोचंही करत नाही."

वहिनींना हसू आलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. गल्लीने त्याला महिनाअखेरीला दुकान रिकामं करायला सांगितलं होतं. त्याला दोन लहान मुली होत्या.

*

वहिनींनी गल्लीला एक गोष्ट सांगितली नव्हती.

दादा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत. एकदा आंघोळ करून पुन्हा आंघोळीला निघत. एकदा स्वतःच्याच दुकानासमोर उभं राहून, हे कुणाचं दुकान, बरं मांडलंय, असं म्हणाले होते. गिऱ्हाईक असलं की वहिनी हटकून त्यांच्या बाजूला उभ्या राहत आणि ते अडखळले की सहज बोलल्यासारखा पुढचा शब्द पुरवत. मात्र वस्तू हातात आली की त्यांना आधार लागत नसे. अंगठा बुडाशी गेला की दादा पूर्वीचे दादा. डॉक्टर म्हणाले होते, तेवढं सगळ्यात शेवटी जाईल.

त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. एका निवळलेल्या सकाळी त्यांनी वहिनींना जवळ बसवलं. म्हणाले, "मी खुळा झालो तर होईन, त्याचं काही नाही. पण एखादी वस्तू माझ्या हातून बिघडली तर मला ते कळू देऊ नकोस, अगं. तेवढं मला सोसायचं नाही."

वहिनी हो म्हणाल्या. बायका नवऱ्याला कितीतरी गोष्टींना हो म्हणतात, तसं.

*

महिनाअखेर जवळ आली तशी टिकटिकला कधी नव्हे ती एक स्वतंत्र कल्पना सुचली. आपण बाहेर चोर शोधतोय आणि गल्लीची नजर घरात बसलीये. घासलेल्या सगळ्या वस्तू दादांपुढे मांडा. ते खुणा वाचतील, लखलखच्या तोंडावर नाव घेतील, आणि त्याला निमूट जावं लागेल.

वहिनी म्हणाल्या, त्यांना बरं नाही. पण दादाच उठून उभे राहिले होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःचा कोट स्वतः शोधला.

दुपारचं ऊन दुकानात आलं होतं. टेबलावर दुर्बीण, लंबक, पारडी, घोडा. भोवती खुर्चीबाई, टिकटिक, आणि दाराशी हाताची घडी घालून लखलख. वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर.

दादांनी दुर्बीण उचलली, उन्हात तिरपी धरली आणि भिंग लावलं.

"हे चाकाचं काम नाही," ते म्हणाले. "चाक एका दिशेने ओरखडे काढतं. इथे हात गोल गोल फिरलाय. याला सोडा."

लखलखने घडी सोडली.

"खडूची पूड, व्हिनेगर, आणि मऊ सुती फडकं. घाईचं काम नाही. वैराचं तर नाहीच. वैर असतं तर समोरून ओरबाडून पळाला असता. यानं कडेची आतली बाजूसुद्धा घासलीये, जिथे कुणी बघत नाही." ते रंगात आले होते. आवाज चढला होता, पाठ ताठ झाली होती. असे दादा गल्लीने फार दिवसांत पाहिले नव्हते, आणि सगळे नकळत पुढे सरकले. "आतली बाजू कोण घासतं? ज्याचं काम कुणीतरी तपासणार आहे तो. हा घाबरून घासतोय. लहानपणी शिकलाय. भांड्यांच्या कारखान्यात बापाच्या हाताखाली. बाप भांडं तोंडासमोर धरणार, त्यात स्वतःचे दात बघणार, आणि दात दिसले नाहीत तर…"

वहिनी पायरीवरून उठल्या.

इतके दिवस गल्ली विचारत होती, राप घालवून कुणाचं भलं होणार? कोण आपल्यावर डूख धरून आहे? रापावर ज्यांचं आयुष्य उभं आहे त्यांना दुसरा प्रश्न पडूच शकत नव्हता. कुणीतरी ती वस्तू नुसती स्वच्छ केली असेल, हे या गल्लीत कुणाच्याही स्वप्नात आलं नसतं. वहिनींच्याही नाही. फडकी कुठे जातात, नवऱ्याची नखं काळी का, व्हिनेगरची बाटली इतक्या लवकर कशी संपते, हे सगळं त्या रोज बघत होत्या. आणि रोज त्यांना वाटत होतं, माणूस म्हातारा झालाय, सांडत असेल.

दादांचे वडील भांडी घडवायचे. ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"आणि हा डावखुरा आहे," दादा म्हणाले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. दुर्बीण कुठल्या हातात आहे ते पाहिलं.

कुणीच हललं नाही. टिकटिकची मानसुद्धा.

*

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर काहीच झालं नाही. दादा वर गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवले नाहीत, पाणीही नाही. वहिनी बाजूला बसून राहिल्या. एकदाच ते बोलले. "घोडासुद्धा?" वहिनींनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

खाली खुर्चीबाईंनी लखलखच्या दुकानासमोरचा कचरा स्वतः झाडला. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, झाडायची होती.

*

सकाळी दादा ताजेतवाने उठले. चहा घेताना म्हणाले, "त्या दुर्बिणीचं काय झालं? माणूस सापडला का?"

वहिनींच्या हातातली बशी तशीच राहिली.

"आण बघू ती खाली दुकानात," दादा म्हणाले. "मी खुणा वाचतो."

*

दादांनी दुर्बीण उचलली, उन्हात तिरपी धरली आणि भिंग लावलं. हे चाकाचं काम नाही. हात गोल फिरलाय. घाईचं काम नाही. कडेची आतली बाजूसुद्धा. हा घाबरून घासतोय. लहानपणी शिकलाय. बाप भांडं तोंडासमोर धरणार

*

हे चाकाचं काम नाही. आतली बाजूसुद्धा. घाबरून. बाप

*

आतली बाजू

*

वहिनींनी दुर्बीण लपवली तर त्यांना लंबक सापडे. लंबक लपवला तर पारडं. सगळंच माळ्यावर टाकलं, तर ते टिकटिककडे जाऊन विचारत, आणि टिकटिकला खोटं बोलता येत नसे, त्याचे कान लाल होत. दुपारी दादा खुर्चीवरून उठून कुठल्यातरी दुकानात शिरत, कोपऱ्यात बसून काहीतरी घासत, आणि संध्याकाळी तेच त्यांच्या हाती लागे. गल्लीने जमेल तितका माल कुलपात घातला. कुणी तक्रार केली नाही. खुर्चीबाई तर म्हणाल्या की घासू दे, माझ्याकडचे सगळे कडीकोयंडे आणून देते, तेवढीच साफसफाई. आणि मग पदराने नाक शिंकरायला मागच्या खोलीत गेल्या.

घासण्याचं वहिनींना काहीच वाटत नव्हतं. त्यांना धास्ती असे ती त्या क्षणाची, जेव्हा भिंग खाली यायचं आणि दादांची नजर स्वतःच्या डाव्या हातावर जायची. दर वेळी तो पहिल्यांदाच. दर वेळी तितकाच. माणसाला एकदा कळतं आणि मग तो कळलेलं घेऊन जगायला शिकतो; दादांना शिकायला वेळच मिळत नव्हता. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. गोळीने झोप वाढली. झोपेतून उठले की ते विचारत, "माणूस सापडला का?"

कळू देऊ नकोस म्हणाले होते. वहिनी हो म्हणाल्या होत्या. आणि हा माणूस जगातल्या कुठल्याही पोलिसापेक्षा हुशार होता, तो दर वेळी स्वतःला शोधून काढत होता.

*

"माणूस सापडला का?"

दादांनी भिंग हातात घेतलं होतं. ऊन टेबलावर आलं होतं. वहिनी त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, टेबल आणि ऊन यांच्या मधोमध.

"सापडला," त्या म्हणाल्या. "मी घासलं."

दादांनी वर पाहिलं.

"तू?"

"हो."

"का?"

कारण शोधून ठेवायचं वहिनी विसरल्या होत्या. तोंडाला आलं ते त्या बोलल्या. "मळकट दिसत होतं. मला नाही बघवत तसं."

दादा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. गल्लीतल्या एखाद्या नवशिक्याने बनावट माल आणून आपल्यापुढे ठेवावा, तेव्हा ज्या नजरेने ते बघत, त्या नजरेने बघत होते. वहिनींना ती नजर चांगली ओळखीची होती. फक्त ती कधी त्यांच्या अंगावर आली नव्हती.

"इतकी वर्षं माझ्याजवळ राहिलीस," ते म्हणाले, "आणि तुला काहीच कळलं नाही."

"नाही कळलं."

"घोडासुद्धा?"

"घोडासुद्धा."

त्यांनी भिंग खिशात घातलं आणि दुर्बीण उचलून वहिनींपासून लांब, पलीकडच्या कपाटात ठेवली.

*

सकाळी ते विसरतील, असं वहिनींनी धरलं होतं. आणखी एक दिवस सुटला, उद्या पुन्हा सांगू, रोज सांगू. त्यांनी मनाशी उत्तरसुद्धा नीट बसवलं होतं, मळकटपेक्षा बरं.

सकाळी दादांनी खाली दुकानात चहाचा कप घेतला आणि कपाटाकडे बोट केलं. "तिकडे जायचं नाही तू."

हेच का राहिलं आणि बाकी सगळं का वाहून गेलं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मुलीचं लग्न गेलं. मुलगी कुठल्या गावी दिली ते गेलं. वहिनींचं नाव कधी असे, कधी नसे. पण घरात एक बाई आहे आणि तिच्या हाती जुनी वस्तू देऊ नये, हे पक्कं बसलं. गिऱ्हाइकांना ते कुजबुजून सांगत, हिच्यासमोर काही काढू नका. दुपारी घासत आणि संध्याकाळी ती वस्तू आणून वहिनींपुढे ठेवत. "पुन्हा?"

"पुन्हा," वहिनी म्हणत. "चुकलं."

स्वतःच्या हाताकडे ते आता बघत नसत. बघायची गरजच उरली नव्हती. तेवढं मात्र साधलं होतं.

खुर्चीबाईंना हे पटलं नाही. त्या चिडून म्हणाल्या, की वहिनी, तुम्ही स्वतःला फाशी लावून घेतली, आणि कशासाठी, तर ज्याला उद्या तुमचं तोंडही आठवायचं नाही त्याच्यासाठी. वहिनी म्हणाल्या, तोंड नाही आठवलं तर बरंच आहे. बाईंनी आणलेली भाजी निवडून दिली आणि गेल्या.

*

मग एक दिवस दादांनी आपलं अंथरूण खाली दुकानात नेलं. माल राखायला हवा, म्हणाले. जिन्याच्या दाराला त्यांनी आतून कडी घातली.

आत त्यांना काही झालं तर, म्हणून वहिनींनी दुसऱ्या दिवशी, ते बाहेर बसलेले असताना, खुर्चीबाईंच्या सुताराकडून कडीचे स्क्रू ढिले करून घेतले. कडी लागलेली दिसते. खटका वाजतो. पण बाहेरून हाताने जरा ढकललं तर दार उघडतं.

संध्याकाळी जेवणाचं ताट वहिनी दाराशी ठेवतात आणि दोन पायऱ्या वर सरकतात. दार उघडतं, ताट आत जातं, खटका वाजतो. मग त्या खाली येतात आणि दाराला पाठ लावून जिन्याच्या पायथ्याशी बसतात. आत ते वस्तूंशी बोलत असतात, हळू, प्रेमाने, एकेकीला ती कुठून आली ते सांगत. कधी त्यांना चाहूल लागते.

"कोण आहे?"

"मीच."



"इथे काही नाही तुझं," दादा म्हणतात. "वर जा."

पाठीला दार लागत असतं. सुताराने काम चोख केलेलं आहे, श्वास जरा खोल घेतला तरी ते हलतं. वहिनी पुढे झुकून बसतात, उघडू नये म्हणून.